धावपटूचं योग्य वजन: हे आकडे आले कुठून?

उंचीसमोर वजन लिहिलेला तक्ता आपण सगळ्यांनीच दवाखान्यात पाहिलेला असतो. धावायला लागलं की त्यातल्या आकड्याच्याही खाली उतरायची ओढ लागते. असे तक्ते जगभर नेले ते अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने, १९४०च्या दशकात. कोणत्या वजनाचे विमेदार जास्त जगतात, एवढंच तिला पाहायचं होतं. धावण्याशी त्याचा संबंध नव्हता.

बीएमआयचंही तसंच. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं हे गणित १८३०च्या दशकातलं, बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांचं. ते ‘सरासरी माणूस’ शोधत होते. १९७२ मध्ये अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी त्याला बीएमआय हे नाव दिलं, तेही मोठ्या लोकसमूहांच्या अभ्यासासाठी. एकेका माणसाला ते लावलं की काय होतं, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच शरीरावरून दाखवलं. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के आणि मॅरेथॉन धावणाऱ्या युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के.

याच कीज यांनी १९४४-४५ मध्ये मिनेसोटात केलेला प्रयोग धावपटूंनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालवलं. त्यांचं वजन पाव हिश्श्याने उतरलं. नाडी मंदावली, सतत थंडी वाजू लागली, कामेच्छा गेली, डोक्यात दिवसभर जेवणाचेच विचार. पुढे लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये यातलं बरंच काही दिसलं, पण ‘कमी वजन म्हणजे जास्त वेग’ या समजापुढे ते ओळखायला वेळ लागला.

१९८४ मध्ये महिलांची मॅरेथॉन पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली. त्याच वर्षी अमेरिकी संशोधक बार्बरा ड्रिंकवॉटर यांनी पाळी थांबलेल्या खेळाडूंची हाडं तपासली. पंचविशीतल्या या मुलींच्या मणक्यांची घनता पन्नाशी ओलांडलेल्या बायकांइतकी होती. तोवर पाळी थांबणं हे कडक सरावाचं लक्षण म्हणून सोडून दिलं जाई. अपुरं खाणं, थांबलेली पाळी आणि ठिसूळ हाडं यांची सांगड १९९० च्या दशकात ‘फीमेल अ‍ॅथलीट ट्रायड’ या नावाने घातली गेली.

मग अ‍ॅन लाउक्स या संशोधिकेच्या प्रयोगांनी प्रश्नच बदलला. वजन किती, यापेक्षा सरावाचा खर्च वजा जाता शरीराला काय उरतं, हे त्यांनी मोजलं. चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ४५ कॅलरी उराव्यात. ३० च्या खाली संप्रेरकं बिघडू लागतात. ५० किलोच्या मुलीचं चरबीविरहित वजन ४० किलो धरलं, तर १,८०० कॅलरी शरीराच्या आणि १० किलोमीटर धावण्याच्या सुमारे ५०० वेगळ्या. डाएट म्हणून दोन पोळ्या आणि वाटीभर वरणावर दिवस काढणारी मुलगी याच्या जवळपासही पोचत नाही. आणि तूट इतकी मोठी नसेल, तर वजन स्थिर राहूनही ती लपून राहू शकते.

२०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या ऊर्जेच्या तुटीतून होणाऱ्या बिघाडाला ‘रेड-एस’ (रिलेटिव्ह एनर्जी डेफिशिअन्सी इन स्पोर्ट) म्हटलं आणि पुरुषांनाही त्यात धरलं. तरी जगाला खरा धक्का बसला तो २०१९ मध्ये. वजन उतरवण्याच्या दबावाखाली आपली पाळी तीन वर्षं बंद होती आणि पाच हाडं मोडली, असं अमेरिकेची धावपटू मेरी केन हिने उघडपणे सांगितलं. १७ व्या वर्षी ती व्यावसायिक संघात गेली होती.

ऑलिंपिक समितीच्या २०२३च्या निवेदनात म्हटलं आहे की वैद्यकीय कारण नसेल, तर १८ वर्षांखालच्या खेळाडूंच्या चरबीची मोजमापं करू नयेत. शालेय स्पर्धांची तयारी करून घेणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येक प्रशिक्षकाने ती सूचना आजच वाचावी, असं मला फार वाटतं.