दहावीनंतर आयटीआय: फीपेक्षा मोठा हिशोब, आणि अर्जाची कागदपत्रं

दहावीचा निकाल लागला की गोव्यात आमच्या वाड्यावर दोन प्रश्न फिरू लागतात. आयटीआयला घालू की डिप्लोमाला? आणि फी किती? दुसऱ्या प्रश्नावर लोक उगाच अडून बसतात. सरकारी आयटीआयमध्ये फी हा सगळ्यात किरकोळ खर्च. खरी किंमत मोजायची ती मुलाच्या वर्षांची. समजा अठरा पूर्ण झालेला मुलगा औद्योगिक वसाहतीत हेल्पर म्हणून लागला आणि रोजचे 500 रुपये धरले, तर 26 दिवसांचे 13,000 होतात. इलेक्ट्रिशियनची दोन वर्षं म्हणजे 3,12,000 रुपयांवर सोडलेलं पाणी. वेल्डरचं एक वर्ष म्हणजे त्याच्या निम्मे. त्यात बसभाडं, वर्कशॉपचे बूट आणि डांगरी धरा. एवढं घातल्यावर हातात काय येतं, ते आधी बघू.

हातात येतं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, म्हणजे लोक ज्याला एनटीसी म्हणतात ते. त्याने तीन दारं उघडतात.

पहिलं दार अप्रेंटिसशिपचं. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली आस्थापनेत रीतसर करारावर शिकता येतं. 2019 च्या सुधारित नियमांनी आयटीआय प्रमाणपत्रधारकाला महिन्याला किमान 7,000 रुपये विद्यावेतन ठरवलं. केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत त्यातला 25 टक्के, जास्तीत जास्त 1,500 रुपये, वाटा सरकार उचलतं, आणि तो थेट मुलाच्या खात्यात येतो. म्हणून बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. पगाराच्या मानाने रक्कम तुटपुंजी वाटेल. पण गोवा शिपयार्डसारख्या ठिकाणी किंवा वेर्ण्याच्या एखाद्या औषध कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात काढलेलं एक वर्ष पुढच्या मुलाखतीत बोलतं.

दुसरं दार डिप्लोमाचं. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड (म्हणजे इलेक्ट्रिशियन, फिटर असा आयटीआयचा अभ्यासक्रम) केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. पणजी, डिचोली आणि कुडचडे अशी सरकारी पॉलिटेक्निकं आहेत. मात्र गणित मांडा: दोन अधिक दोन म्हणजे चार वर्षं, सरळ गेलात तर तीन. गणित-विज्ञानात बरे गुण असतील आणि डिप्लोमाच करायचा असेल, तर आयटीआयचा वळसा कशाला घ्यायचा? उलट वर्गातल्या बाकावर जीव रमत नाही, पण घरातला मिक्सर उघडून बसतो, अशा मुलाला हा वळसाच तारतो.

तिसरं दार कायद्याचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं. वीजजोडणीचं काम परवानाधारक कंत्राटदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करायचं असतं. नुसत्या अनुभवावर वायरिंग करणारा आयुष्यभर दुसऱ्याच्या परवान्याखाली राबतो. आयटीआय झालेल्याला सक्षमता प्रमाणपत्राच्या परीक्षेच्या रांगेत उभं तरी राहता येतं.

ट्रेड निवडताना पात्रता बघा. वय 14 पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही. चाळिशीतल्या माणसानेही लाजू नये. इलेक्ट्रिशियन, फिटर, रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंग हे दोन वर्षांचे, त्यांना दहावी उत्तीर्ण लागतं. डिझेल मेकॅनिक, संगणकाचा ‘कोपा’, फूड प्रॉडक्शन दहावीवर पण एका वर्षाचे. वेल्डरला आठवी पुरते. दहावीत अडकलेल्या मुलाला घरी बसवून पुन्हा पुन्हा फॉर्म भरण्यापेक्षा हा रस्ता बरा. आयटीआय करता करता राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडून भाषेचा विषय वगैरे देऊन शालेय समकक्षतेची सोयही होते.

माझं मत विचाराल तर गोव्यात एसीच्या ट्रेडला तोड नाही. हॉटेलं, इस्पितळं, फ्लॅट, आणि वर खारा वारा. किनाऱ्याजवळचं आऊटडोअर युनिट गंजतंच, मेकॅनिकला बोलवावंच लागतं. मुलींना मात्र अजून डोळे मिटून शिवणकामाकडे ढकललं जातं, ते पाहून चिडचिड होते.

सरकारी आयटीआय पेडण्यापासून काणकोणपर्यंत पसरल्या आहेत: म्हापसा, पणजीत आल्तिनो, डिचोली, सत्तरीत होंडा, फोंड्याला फर्मागुडी, वास्को, मडगाव, काकोडा. सगळे ट्रेड सगळीकडे नसतात. होंड्याच्या मुलाला हवा तो ट्रेड मडगावात मिळाला, तर रोजचा प्रवास हिशोबात धरा.

आता कागदपत्रं. दहावीची (किंवा आठवीची) गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, आधार, फोटो, बँकेचं पासबुक हे घरात असतं. घोळ होतो तो मामलेदार कचेरीतल्या कागदांचा. रहिवासी दाखला आणि लागत असल्यास उत्पन्नाचा दाखला गोवा ऑनलाईन पोर्टलवरून मागता येतो. तलाठ्याचा अहवाल गेला की मामलेदार सही करतात. निकालानंतर सगळा तालुका एकाच आठवड्यात अर्ज करतो, म्हणून परीक्षा संपल्या संपल्या कामाला लागा. पुढे राज्य सरकारच्या नोकरीला 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतोच, तो तेव्हाच काढून ठेवा. त्या जाहिरातींत कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट असं लिहिलेलं असतं, हेही घरात सांगून ठेवा.

राखीव जागेसाठी जातीचा दाखला मूळ प्रतीत लागतो. गावडा, कुणबी आणि वेळीप 2003 पासून अनुसूचित जमातींत आहेत. धनगर समाज गोव्यात ओबीसीत मोडतो. ओबीसींना नॉन-क्रीमी लेयरचा ताजा उल्लेख हवा, बापाच्या वेळचा पिवळा पडलेला कागद चालत नाही.

आणि आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग! गावकर हे एकच आडनाव जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि गुणपत्रिकेवर तिसरं. माझ्या पुतण्याचा अर्ज नेमका यावर अडला होता आणि प्रतिज्ञापत्रासाठी आम्ही दोन दिवस धावलो. गुणपत्रिकेवरचं नाव प्रमाण धरून आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घेणं सोपं पडतं.

प्रक्रिया तशी सरळ आहे. राज्याच्या कौशल्य विकास व उद्योजकता संचालनालयाच्या अखत्यारीत प्रवेश होतात. माहितीपुस्तिका वाचायची, ऑनलाईन अर्ज भरायचा, संस्था आणि ट्रेड यांचा पसंतीक्रम द्यायचा, गुणवत्ता यादी लागली की मूळ कागद घेऊन हजर व्हायचं. पसंतीक्रम मित्राला विचारून भरू नका. एकाच ट्रेडच्या तीन संस्था हव्यात की एकाच संस्थेतले तीन ट्रेड, हे आधी घरी ठरवा.

खासगी संस्थांकडे जाताना एकच प्रश्न विचारायचा: प्रमाणपत्र कोण देणार? संस्थेला राष्ट्रीय मान्यता आणि तिचा कोड आहे का, हे केंद्राच्या पोर्टलवर तपासता येतं. ‘आयटीआय समकक्ष’ असं फलकावर रंगवलेलं असलं की पाय मागे घ्या. बोटीवर जाणाऱ्यांनी तर दुप्पट सावध राहावं. तारवट्याच्या (बोटीवरच्या खलाशाच्या) पगाराची स्वप्नं दाखवून आमच्या ओळखीच्या एका मुलाकडून एका एजंटाने कोर्सचे पैसे घेतले, आणि संस्था डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या, यादीतच नव्हती. जीपी रेटिंगला, म्हणजे खलाशाच्या सुरुवातीच्या कोर्सला, जायचं तर दहावीत एकूण आणि इंग्रजीत प्रत्येकी 40 टक्के लागतात, ते मार्कशीट समोर ठेवून बघा.

घरातच सुतारकी, लोहारकी, गवंडीकाम किंवा कुंभाराचं चाक असेल, तर दोन वर्षं घालवण्याआधी पीएम विश्वकर्मा योजना पाहा. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या या योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय आहेत. वय 18 हवं, कुटुंबातल्या एकालाच लाभ, सरकारी नोकर असलेल्या घराला नाही. पाच-सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 पर्यंत, आणि 5 टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाख कर्ज. नोंदणी सामान्य सेवा केंद्रात आधारच्या ठशाने होते, पडताळणी पंचायतीकडून सुरू होते. मात्र हे एनटीसी नव्हे. अप्रेंटिसशिपचं किंवा डिप्लोमाचं दार याने उघडत नाही.

प्रवेश मिळाल्यावरची एक गोष्ट कुणी सांगत नाही. सत्र ऑगस्टच्या सुमारास सुरू होतं आणि पाठोपाठ चवथ (गणेशचतुर्थी) येते. चवथीला घरी गेलेला मुलगा पंधरा दिवस उगवतच नाही. ट्रेडच्या अखिल भारतीय परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते, आणि प्रात्यक्षिकात 60 टक्के मिळवावे लागतात, लेखीत 33 पुरतात. प्रात्यक्षिक वर्कशॉपमध्येच शिकायचं असतं, त्याच्या नोट्स कुणाकडून उतरवून मिळत नाहीत.