परदेशात ड्रोन : नोंदणीचे नियम आले कुठून?

आपल्या देशात ड्रोनची नोंदणी केली, परीक्षा दिली, दाखला मिळाला, की तो सगळीकडे चालेल, असे बऱ्याच जणांना वाटते. मोटारीसाठी आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, म्हणून हा समज. ड्रोनसाठी असा परवाना नाही. आकाश ज्याचे, परवानगी त्याची, हे तत्त्व ड्रोनपेक्षा कितीतरी जुने आहे. नागरी विमानवाहतुकीच्या १९४४ च्या शिकागो कराराचे आठवे कलम सांगते की वैमानिकाविना उडू शकणारे विमान दुसऱ्या देशाच्या हद्दीवरून न्यायचे, तर त्या देशाची खास परवानगी लागते. त्याचे मूळ आणखी मागे, हवाई वाहतुकीच्या जुन्या पॅरिस करारात १९२९ मध्ये झालेल्या दुरुस्तीत सापडते.

छंदाची छोटी विमाने मात्र बराच काळ या चौकटीबाहेरच राहिली. अमेरिकेत १९८१ मध्ये एक सूचनापत्रक निघाले : ४०० फुटांच्या खाली उडवा, गर्दीपासून लांब राहा. ते पाळणे ऐच्छिक होते. कॅमेऱ्याचे ड्रोन दुकानात सहज मिळू लागल्यावर ते पुरेना. २०१५ मध्ये नेमलेल्या कृतिदलापुढे प्रश्न होता, किती वजनापासून नोंदणी सक्तीची करायची? डोक्यावर पडणाऱ्या वस्तूची ऊर्जा ८० ज्यूलच्या पुढे गेली की जीव जाण्याचा धोका मोठा, असे धरून उलटे गणित मांडले गेले. सेकंदाला सुमारे २५ मीटर वेगाने कोसळणाऱ्या ड्रोनसाठी उत्तर आले २५० ग्रॅम. २४९ ग्रॅमचे इतके ड्रोन बाजारात का आहेत, याचे कारण हेच.

ही नोंदणी २१ डिसेंबर २०१५ ला सुरू झाली आणि मे २०१७ मध्ये न्यायालयाने ती छंदवाल्यांपुरती रद्द केली, कारण २०१२ च्या कायद्याने मॉडेल विमानांवर नवे नियम करायला मनाई होती. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने ती पुन्हा लागू केली. आज तिथे छंद म्हणून उडवणाऱ्याला ५ डॉलरमध्ये ३ वर्षांसाठी एकच क्रमांक मिळतो आणि तो त्याच्या सगळ्या ड्रोनवर, बाहेरून दिसेल असा लावावा लागतो. पैसे घेऊन किंवा कामासाठी उडवायचे असेल, तर प्रत्येक ड्रोनची वेगळी नोंदणी.

युरोपीय संघात २०१८ पर्यंत १५० किलोखालचे ड्रोन हा प्रत्येक देशाचा स्वतंत्र कारभार होता. समान नियम ३१ डिसेंबर २०२० पासून लागू झाले. तिथे साध्या उड्डाणासाठी ड्रोनची नाही, तर तो चालवणाऱ्याची नोंदणी होते. बाहेरून येणाऱ्याने जिथे पहिल्यांदा उडवायचे त्या देशात ती करायची. ती सर्व सदस्य देशांत चालते, दुसऱ्या देशात पुन्हा करता येत नाही. हमखास चूक होते ती इथे : २५० ग्रॅमखालच्या ड्रोनलाही कॅमेरा असेल आणि तो खेळणे म्हणून विकलेला नसेल, तर नोंदणी लागतेच. दुसरी चूक क्रमांकाची. शेवटची तीन अक्षरे गुप्त असतात. ती रिमोट आयडीच्या, म्हणजे उडताना ड्रोनची ओळख रेडिओवरून प्रसारित करणाऱ्या, प्रणालीत भरायची, ड्रोनवरच्या चिकटपट्टीवर लिहायची नाहीत. विमा आणि बंदी असलेले भाग मात्र देशागणिक वेगळे आहेत. जर्मनीत छोट्या ड्रोनलाही दायित्व विमा, म्हणजे इतरांच्या नुकसानीची भरपाई करणारा विमा, सक्तीचा आहे.

ब्रिटनने नोंदणी नोव्हेंबर २०१९ मध्ये सक्तीची केली. त्याआधीच्या डिसेंबरात ड्रोन दिसल्याच्या तक्रारींमुळे लंडनजवळचा गॅटविक विमानतळ बंद ठेवावा लागला होता आणि साधारण हजार उड्डाणे कोलमडली होती. युरोपीय संघाचा क्रमांक तिथे चालत नाही. १ जानेवारी २०२६ पासून ब्रिटनची मर्यादा १०० ग्रॅमवर आली आहे.

जपानची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. एप्रिल २०१५ मध्ये पंतप्रधान कार्यालयाच्या छतावर ड्रोन सापडला आणि त्याच वर्षी डिसेंबरात उड्डाणाचे नियम लागू झाले. तेव्हाची मर्यादा २०० ग्रॅम, म्हणून एका कंपनीने खास जपानसाठी १९९ ग्रॅमचा ड्रोन काढला. २० जून २०२२ ला मर्यादा १०० ग्रॅम झाली आणि त्याची सूट संपली. इथे प्रत्येक ड्रोनची नोंदणी होते, क्रमांक मिळायला काही दिवस लागतात आणि रिमोट आयडीही लागतो. विमानतळावर उतरल्यावर अर्ज करू म्हटले, तर सहल संपून जाते.

वजन मोजताना बॅटरी धराच, आणि बहुतेक देशांत पंख्याचे संरक्षक, लेन्सवरचा फिल्टर, सगळे धरा. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला मोठी बॅटरी लावली, तर तो २९० च्या घरात जातो आणि सवलत जाते. सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात न्यायच्या. प्रत्येकी १०० वॉट-तासांपर्यंत सहसा अडचण येत नाही, १६० पर्यंत विमान कंपनीची मंजुरी लागते.

मोरोक्कोसारख्या देशात नोंदणीचा प्रश्नच येत नाही. तिथे परवानगीविना ड्रोन आणायलाच बंदी आहे आणि तो कस्टमवर काढून घेतला जातो. पावती जपा आणि ज्या विमानतळावर उतरलात तिथूनच परत निघणार असाल, तरच तो परत मिळण्याची आशा धरा.