कुत्र्यांना विषारी बागेतील वनस्पती (नाशिक)

पाळीव कुत्र्याने चघळल्या किंवा गिळल्या असता विषबाधा करणाऱ्या परसबागेतील व कुंडीतील वनस्पती. नाशिकच्या बंगल्यांत आणि सोसायट्यांत दिसणाऱ्या यांतल्या सर्वांत घातक दोन, कण्हेर आणि सायकस (ताडासारखे दिसणारे झाड), शोभेसाठी लावल्या जातात.

कण्हेरीच्या आणि बिट्टीच्या (पिवळ्या कण्हेरीच्या) सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे असतात. आधी लाळ आणि उलट्या, मग नाडी मंद व अनियमित होते. पाने वाळली तरी विष टिकते, म्हणून छाटलेल्या फांद्या त्याच दिवशी उचलाव्यात. तिची काठी कुत्र्याला खेळायला देऊ नये.

सायकस सगळाच विषारी, पण बिया सर्वांत जहाल. एक-दोन बियांनीही कुत्री दगावली आहेत. त्यातील सायकासिन यकृत निकामी करते. पहिल्या उलट्या थांबल्यावर कुत्रा सावरल्यासारखा दिसतो, मालक निर्धास्त होतो आणि दोन-तीन दिवसांनी हिरड्या व डोळे पिवळे पडतात. बिया फक्त मादी झाडाला येतात. त्या काढल्या तरी पाने उरतातच. पिल्लू असलेल्या घरी हे झाड नकोच.

एरंड बागेत सहसा कोणी मुद्दाम लावत नाही. धोका गुलाबाच्या आळ्यात घातलेल्या एरंडी पेंडीचा. वासाने कुत्रे माती उकरून ती खातात. पेंड नीट तापवलेली नसेल तर तिच्यात रिसिन हे विष शिल्लक राहते. रक्ताचे जुलाब काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतात. पेंडीऐवजी गांडूळखत वापरावे.

द्राक्षवेल प्रत्येक अंगणात नसली, तरी जानेवारी ते एप्रिल द्राक्षे नाशिकमध्ये घरोघरी असतात. द्राक्षे व बेदाण्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. टार्टारिक आम्ल हे संभाव्य कारण मानतात. वजनाच्या किलोमागे सुमारे २० ग्रॅम द्राक्षे किंवा ३ ग्रॅम बेदाणे खाऊन बाधा झालेली आढळते, मात्र सुरक्षित मात्रा ठरलेली नाही. कांदा, शिजवलेलासुद्धा, किलोमागे १५ ते ३० ग्रॅम गेल्यास रक्तातील तांबड्या पेशी फुटतात.

मनी प्लांट, डिफेनबाकिया आणि शोभेचे अळू यांतील कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांनी तोंडाची आग होते, सूज येते. तोंड पाण्याने धुवावे. जीव सहसा जात नाही. पॉइनसेटिया (लाल पानांचे शोभेचे झाड) जीवघेणे असल्याची भीती तर अवास्तव आहे.

मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये. रक्तातील सोडियम वाढून झटके येतात. पशुवैद्यक पहिल्या दोनेक तासांत औषधाने उलटी करवू शकतात, गरजेप्रमाणे विष शोषून घेणारा सक्रिय कोळसा देतात. जाताना झाडाची फांदी किंवा पेंडीचे पाकीट सोबत न्यावे, खाल्ल्याची वेळ आणि कुत्र्याचे वजन सांगावे.