टर्बो इंजिनातील इंधनदाबाची तपासणी : पार्श्वभूमी

नाशिकच्या कारागिरांची इंधनदाबाशी ओळख प्रथम डिझेलमुळे झाली. सातपूर औद्योगिक वसाहतीतील बॉशच्या ज्या कारखान्याला लोक आजही मायकोच म्हणतात, तेथे वर्षानुवर्षे डिझेल इंजिनांची नोझल, म्हणजे इंधन फवारणारी तोंडे, तयार होत आली. ट्रक आणि ट्रॅक्टरच्या दुरुस्तीत, हातपंपाच्या टेस्टरवर नोझल चढवून ते किती दाबाला उघडते हे पाहणे हा नित्याचा भाग होता. तेथे आकडा एकच आणि त्याचा अर्थही एकच असतो : ठरलेल्या दाबाला नोझल उघडले तर ठीक, नाही तर शिम, म्हणजे स्प्रिंगखालची पातळ चकती, बदला. पेट्रोलवर चालणाऱ्या, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) बसवलेल्या वेगवान गाडीत मात्र हा सरळ हिशेब लागू पडत नाही, आणि का पडत नाही हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

कार्ब्युरेटरच्या काळात इंधनाचा दाब कोणी फारसा मोजत नसे. प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीत कॅमशाफ्टवर चालणारा पडद्याचा पंप जेमतेम काही पीएसआय दाब देई (सुमारे 14.5 पीएसआय म्हणजे एक बार, साधारण वातावरणाएवढा दाब). पेट्रोल फ्लोटच्या कप्प्यात, म्हणजे कार्ब्युरेटरमधील छोट्या साठ्यात, पोहोचले की पंपाचा दाब तेथेच संपे आणि पुढे जेटच्या बारीक छिद्रातून किती पेट्रोल ओढले जाईल हे हवेचा प्रवाह ठरवी. 1962 मध्ये ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर या टर्बो बसवलेल्या पहिल्या प्रवासी गाड्या अमेरिकेत विक्रीला आल्या, त्याही कार्ब्युरेटरच्याच होत्या. त्यांत हवेच्या वाटेवर कार्ब्युरेटर टर्बोच्या अलीकडे असल्याने त्याला बूस्टचा, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेचा, दाब सोसावा लागत नव्हता.

खरी अडचण उभी राहिली ती कार्ब्युरेटर टर्बोच्या पलीकडे नेल्यावर. 1980 ची लोटस एस्प्री टर्बो आणि 1981 ची मासेराती बायटर्बो यांत टर्बोने दाबलेली हवा कार्ब्युरेटरमध्ये आणि त्याच्या फ्लोटच्या कप्प्यातही शिरे. कप्प्यात अर्धा बार बूस्ट असेल, तर अर्ध्या बारपेक्षा कमी दाबाचे पेट्रोल आत जाणारच नाही. म्हणून इंधनाचा दाब बूस्टच्या बरोबरीने वर चढवणारा रेग्युलेटर, म्हणजे दाब नियंत्रित करणारा भाग, आवश्यक ठरला. नेमका किती दाब आहे यापेक्षा समोरच्या दाबापेक्षा तो किती अधिक आहे, हा प्रश्न येथे प्रथमच टर्बो गाडीच्या मेकॅनिकसमोर ठळकपणे आला.

कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारण्याच्या, म्हणजे इंजेक्शनच्या, बाजूने हाच विचार आधीच पुढे गेला होता. 1967 मध्ये बॉशने आणलेल्या डी-जेट्रॉनिक या इंजेक्शन प्रणालीत सुमारे 2 बारचा दाब कायम राखला जाई. 1974 च्या सुमारास आलेल्या एल-जेट्रॉनिकमध्ये मात्र रेग्युलेटरला मॅनिफोल्डमधून, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या मार्गातून, एक बारीक नळी जोडण्यात आली, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा भाग ही दिसायला क्षुल्लक नळीच आहे. तिच्यामुळे इंजेक्टरच्या मागचा दाब आणि पुढचा दाब यांतील फरक, म्हणजे तेव्हाचा 2.5 बार, इंजिन कोणत्याही अवस्थेत असले तरी तोच राहतो, आणि कंट्रोल युनिटला, म्हणजे इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाला, केवळ इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा एवढेच ठरवावे लागते. त्याच दशकातील पोर्शे 911 टर्बो आणि साब 99 टर्बो या गाड्यांत के-जेट्रॉनिक ही यांत्रिक पद्धत होती. तिच्यात प्रणालीचा दाब वेगळा आणि नियंत्रणाचा दाब वेगळा मोजावा लागे, तोही इंजिन थंड असताना एकदा आणि तापल्यावर पुन्हा. गेज आणि त्यासोबतचा व्हॉल्व्ह घेऊन टप्प्याटप्प्याने तपासणी करण्याची शिस्त अशा गाड्यांनी लावली.

गेज मात्र जुनेच राहिले. युजीन बूर्दों यांनी 1849 मध्ये पेटंट घेतलेली वाकड्या नळीची रचनाच आजही त्यात असते, आणि ती बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवते. इंजेक्टर बाहेरच्या हवेत नव्हे, तर मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल सोडतो. गैरसमजाचे मूळ येथे आहे. समजा, मूळ दाब 3 बार ठेवलेला आहे. इंजिन आयडलवर असताना मॅनिफोल्डमध्ये 0.6 बारची पोकळी असेल, तर गेजवर 2.4 दिसले पाहिजेत. 1 बार बूस्ट असताना 4 दिसले पाहिजेत. हे तिन्ही आकडे बरोबर आहेत. उलट नळीला तडा जाऊन बूस्टमध्येही गेज 3 वरच राहिले, तर फरक 2 बारच उरतो. इंजेक्टरमधून जाणारे इंधन या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्याने ते सुमारे 18 टक्क्यांनी घटते. मिश्रण पातळ होते, ते अवेळी पेटून इंजिन नॉक करू लागते आणि पिस्टनला इजा पोहोचते. आयडलवरच्या तपासणीत यातले पुष्कळसे लपून राहते.

पंपाचा कमकुवतपणा तर आयडलवर जवळजवळ दिसतच नाही. द्राक्षबागेतील ठिबकाचे व्हॉल्व्ह बंद असताना पंपावरचे गेज भरपूर दाब दाखवते आणि सगळ्या ओळी एकदम सोडल्या की काटा खाली येतो, तसेच हे आहे. दाब वाढवावा तसा विजेच्या पंपाचा प्रवाह घटतो, म्हणजे बूस्टमध्ये मागणी सर्वाधिक असताना पंपाची क्षमता सर्वांत कमी असते. त्यामुळे भारावरची तपासणी रूढ झाली : चाकांखाली डायनो (जागच्या जागी भार देणारे यंत्र), किंवा कसारा ते इगतपुरी असा लांब चढ. गेज काचेवर बाहेरून बांधायचे किंवा विजेचा सेन्सर लावायचा. पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणण्याचा उद्योग कोणीही करू नये.

भारतात मल्टी-पॉइंट इंजेक्शन (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) सर्वदूर पोहोचले ते 2000 च्या सुमारास, उत्सर्जनाचे नियम कडक झाल्यावर. टर्बो पेट्रोल गाड्या सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात त्यानंतर बऱ्याच काळाने आल्या. तोवर अनेक गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच गेला होता, जादा पेट्रोल इंजिनाकडून टाकीत परत नेणारी नळी नाहीशी झाली होती आणि बूस्टची भरपाई कंट्रोल युनिट करू लागले होते. अशा गाडीत बूस्ट चढूनही गेज स्थिर राहणे हेच योग्य असते. जुन्या पद्धतीवर हात बसलेला मेकॅनिक तेथे हमखास चकतो.

थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या इंजिनांनी तपासणीचे दोन भाग केले. मित्सुबिशीने 1996 मध्ये आणलेल्या जीडीआय इंजिनात सुमारे 50 बार दाब होता; आजच्या टर्बो इंजिनांत तो 200 ते 350 बारपर्यंत जातो. नाशिकच्याच कारखान्यात 2020 पासून तयार होणाऱ्या महिंद्रा थारचे दोन लिटरचे पेट्रोल इंजिन याच जातीचे आहे. टाकीतल्या पंपापासून उच्चदाबाच्या पंपापर्यंतचा काही बारचा दाब गेजने पाहता येतो. त्यापुढचा दाब रेलवरच्या (इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या जाड नळीवरच्या) सेन्सरकडून स्कॅनरवरच वाचायचा असतो, तेथील नट सैल करणे धोक्याचे आहे.

20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने या तपासणीला नवे कारण दिले आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने 14.7 भाग हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे 13.5. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी पंपाला आठ-नऊ टक्के अधिक इंधन द्यावे लागते, आणि बूस्ट वाढवून घेतलेल्या जुन्या गाडीत, जेथे पंप आधीच काठावर चालत होता, ही तूट केवळ भारावर घेतलेल्या मोजमापातच दिसते.