मालिनाल्को: डोंगरावरचं देऊळ, पायथ्याचा बाजार

मेक्सिको सिटीच्या नैर्ऋत्येला, कड्यांच्या कुशीत मालिनाल्को हे छोटंसं गाव आहे. राजधानीतले लोक सुट्टीला इथे येतात, चारशेहून अधिक पायऱ्या चढून वरचे अवशेष पाहतात आणि खाली उतरून मासे खातात. पण या गावाचं राजधानीशी असलेलं नातं बरंच जुनं आहे, आणि ते फारसं प्रेमाचं नाही.

मेशिका, म्हणजे ज्यांना आपण अ‍ॅझटेक म्हणतो, त्यांच्या कथेत युद्धदेव वित्सिलोपोच्तलीला एक बहीण होती, मालिनालशोचित्ल. ती जादूटोणा करते म्हणून भटकंतीत तिला झोपेतच मागे टाकून सगळे पुढे निघून गेले. तिने आपली माणसं घेऊन मालिनाल्कोत बस्तान बसवलं. पुढे तिचा मुलगा कोपिल मामावर सूड घ्यायला गेला आणि मारला गेला. त्याचं काळीज सरोवरातल्या वेताच्या बेटात भिरकावलं, तिथे निवडुंग उगवला आणि त्यावर गरुड बसला. तिथेच तेनोच्तित्लान, म्हणजे मेशिकांची राजधानी आणि आजची मेक्सिको सिटी, उभी राहिली. मेक्सिकोच्या झेंड्यावरचा गरुड तो हाच.

प्रत्यक्षात १४७० च्या दशकात मेशिकांच्या आशायाकात्ल राजाने हा सगळा मातलात्सिंका लोकांचा मुलूख जिंकला. १५०१ मध्ये नंतरचा राजा आवित्सोत्ल याच्या आज्ञेने डोंगरावर बांधकाम सुरू झालं. बांधकाम म्हणणंही तसं चूकच, कारण मुख्य मंदिर, कुआऊतिन्चान, अखंड खडकातून कोरून काढलंय. वेरूळच्या कैलासापुढे ते चिमुकलं वाटेल, पण रीत तीच. दार म्हणजे सर्पाचा उघडा जबडा, त्याची दुभंगलेली जीभ पुढे जमिनीवर पसरलेली. आतल्या गोल दालनात गरुड आणि जग्वार कोरलेत. ही मेशिकांच्या नामांकित योद्ध्यांची चिन्हं, म्हणून हे त्यांच्या विधींचं ठिकाण मानतात. जिंकलेल्या मुलखाच्या डोक्यावर आपल्या लढवय्यांचं देऊळ बसवण्यामागचा हेतू उघड आहे.

१५१५ मध्येही काम चालूच होतं. १५२१ मध्ये स्पॅनिश आले आणि ते अर्धवट राहिलं.

१५४० च्या सुमारास ऑगस्टिनियन साधूंनी खाली मठ बांधायला घेतला. त्याच्या भिंतींवरची चित्रं मला वरच्या देवळाइतकीच मोलाची वाटतात. विषय ख्रिस्ती स्वर्गाच्या बागेचा, पण कुंचला स्थानिक चित्रकारांच्या हातात; त्यामुळे त्या स्वर्गात कोकोचं झाड आहे आणि माकडंही. पुढे त्यांवर चुना फासला गेला. १९७० च्या दशकात तो खरवडल्यावर चित्रं पुन्हा दिसली. डोंगरावरचं उत्खनन त्याआधीच, १९३० च्या दशकात, पुरातत्त्वज्ञ होसे गार्सिया पायोन यांनी केलं होतं.

ताटातही हेच थर सापडतात. निळ्या मक्याच्या पिठात घेवडा किंवा बाकला भरून तव्यावर भाजलेला लांबट त्लाकोयो आणि निवडुंगाच्या पानांची, म्हणजे नोपालची, भाजी हे स्पॅनिशांच्या आधीचं खाणं. बाकला मात्र त्यांनीच आणलेला. आगाव्हेच्या, म्हणजे घायपातीच्या, रसाची आंबवलेली पुल्के मेशिका काळात वाट्टेल त्याला पिता येत नसे. म्हाताऱ्यांना मुभा होती, इतरांच्या झिंगण्याला कडक शिक्षा. डुकराचं मांस, चीज, गव्हाचा पाव समुद्रापलीकडून आले. आणि ज्या ट्राउटसाठी आज गावात गर्दी होते, तो इंद्रधनुषी मासा मूळचा इथला नाहीच. गार पाण्याच्या तळ्यांमध्ये तो मुद्दाम वाढवतात. २०१० मध्ये सरकारने गावाला ‘पुएब्लो माहिको’ या पर्यटन योजनेत घेतलं, तेव्हापासून हॉटेलं वाढली. तरी त्लाकोयो खायचा तर बाजारातल्या बायकांच्या तव्यापाशीच जावं.