पगार बाजारभावाने, तरी राजीनामे का थांबत नाहीत?

राजीनामा दिलेल्या माणसाला एचआर शेवटच्या आठवड्यात विचारतं, 'का चाललात?' फॉर्मवर टिक होते 'चांगली संधी' किंवा 'वैयक्तिक कारण'. त्या वेळी त्याचं रिलीव्हिंग लेटर, फुल अँड फायनलचा हिशेब आणि पुढच्या कंपनीकडून येणारा चौकशीचा फोन, सगळंच जुन्या कंपनीच्या हातात असतं. साहेबाबद्दल खरं बोलून त्याला मिळणार काहीच नसतं, गमवावं लागू शकतं बरंच. शिवाय 'चांगली संधी' हे तो कुठे गेला याचं उत्तर झालं. तो दुसरीकडे शोधायला कधी आणि का लागला, हा खरा प्रश्न तसाच राहतो.

हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. 1913 साली डेट्रॉईटजवळच्या हायलँड पार्कमध्ये फोर्डच्या कारखान्यात सुमारे 14,000 जागा भरलेल्या ठेवायला वर्षभरात 52,000हून अधिक माणसं भरती करावी लागली. गळतीचा दर, म्हणजे एकूण जागांच्या तुलनेत वर्षभरात सोडून गेलेली माणसं, होता 370 टक्के. रोजचा पगार साधारण 2.34 डॉलर, म्हणजे आसपासच्या कारखान्यांइतकाच. त्या वर्षीच्या मार्चमध्ये 7,300 जण गेले. त्यांतल्या 18 टक्क्यांना काढलं होतं आणि 11 टक्क्यांनी रीतसर सांगून काम सोडलं. उरलेले 71 टक्के फक्त यायचे बंद झाले. 5 दिवस गैरहजर राहिले की पटावरून नाव कमी व्हायचं. दहातले सात जण एक शब्दही न बोलता गेले, त्यांना कारण विचारणार कोण?

चौकशीचं काम फोर्डचे एक अधिकारी जॉन ली यांच्याकडे आलं. त्यांनी कामगारांची परिस्थितीच पाहिली. कामाचे तास लांब होते, घरं वाईट होती आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट म्हणजे सारख्याच कामाला फोरमनगणिक वेगळा दर होता. मनात आलं की फोरमन माणसाला काढूनही टाकत असे. ऑक्टोबर 1913मध्ये कौशल्यानुसार पगाराच्या श्रेणी ठरल्या, सरासरी 13 टक्के वाढ झाली आणि काढून टाकण्याचा फोरमनचा अधिकार गेला. एका खात्यात न जमलेल्या माणसाला दुसऱ्या खात्यात संधी मिळू लागली. त्यानंतर जानेवारी 1914मध्ये ती प्रसिद्ध घोषणा झाली: 8 तासांचे 5 डॉलर. गळती 1914मध्ये 54 टक्क्यांवर आणि 1915मध्ये 16 टक्क्यांवर आली.

यश पगाराचं की फोरमनला लावलेल्या लगामाचं? ते सांगता येत नाही. दोन्ही बदल तीन महिन्यांच्या आत झाले आणि त्याच सुमारास अमेरिकेत मंदी असल्याने बाहेर नोकऱ्याही कमी होत्या. इतकं मात्र दिसतं की बाजारभावाचा पगार माणसाला धरून ठेवत नाही, कारण तो शेजारीही मिळतो. 5 डॉलर शेजारी मिळत नव्हते.

आज चौकशी करायची तर फॉर्म बाजूला ठेवून तारखांपासून सुरुवात करावी. समजा, कंपनीत सरासरी 200 माणसं आहेत आणि वर्षात 36 गेली. गळती 18 टक्के. हा आकडा जवळपास निरुपयोगी आहे. त्याच वर्षी 60 जण नवे आले आणि गेलेल्यांपैकी 22 त्यांच्यातलेच असतील, तर नव्यांची गळती 37 टक्के आणि जुन्या 140 जणांची फक्त 10 टक्के. मग अप्रेझलच्या पद्धतीत खोट शोधणं व्यर्थ आहे. मुलाखतीत सांगितलेलं काम आणि प्रत्यक्षात दिलेलं काम यांतली तफावत शोधायला हवी.

इथे हमखास एक चूक होते: फक्त गेलेल्यांचा सरासरी कार्यकाळ काढला जातो. जे अजून टिकून आहेत त्यांना वगळलं की चित्र फसवं होतं. यावर उपाय म्हणजे वैद्यकीय संशोधनात वापरतात ती कॅपलान-मायर पद्धत. पहिल्या महिन्यात 60पैकी 6 गेले, म्हणजे टिकण्याचं प्रमाण 0.90. उरलेल्या 54पैकी 4 जण नुकतेच रुजू झालेत, त्यांचा दुसरा महिना अजून यायचाय, म्हणून पुढच्या हिशेबात 50च धरायचे. त्यांतले 5 गेले, पुन्हा 0.90. दोन्हींचा गुणाकार 0.81. असा दर महिन्याचा आलेख काढला की तो कुठे एकदम घसरतो ते कळतं. घसरण तिसऱ्या महिन्यात असेल तर भरती पाहा, बोनस जमा झाल्यानंतर असेल तर पगारवाढीची पत्रं पाहा.

असेच आलेख टीमनुसारही काढावेत, पण जपून. 6 जणांच्या टीममधून दोघे गेले की मॅनेजरवर बोट रोखलं जातं. पण कंपनीची गळती 18 टक्के असेल, तर मॅनेजरचा काहीही दोष नसतानाही 6 जणांच्या दहापैकी साधारण तीन टीममधून वर्षात दोन किंवा जास्त माणसं जाणारच. दोन-तीन वर्षांचा हिशेब जुळल्याशिवाय कुणावर ठपका ठेवणं अन्यायाचं आहे.

आलेखावरून 'कधी' कळतं, 'का' हे कळायला माणसांशीच बोलावं लागतं. थॉमस ली आणि टेरेन्स मिचेल या संशोधकांनी 1994मध्ये मांडलं की माणूस कुरकुरत बरीच वर्षं राहू शकतो. निर्णयाला अनेकदा एखादी घटना निमित्त होते. म्हणून गेलेल्यांशी सहा महिन्यांनी, बाहेरच्या व्यक्तीने बोलावं आणि विचारावं, 'बायोडेटा पहिल्यांदा कधी अपडेट केलात? त्या आठवड्यात काय घडलं होतं?' हेच प्रश्न टिकलेल्यांनाही विचारावेत. दोन्हीकडे सारखीच येणारी तक्रार खरी असेल, पण राजीनाम्याचं कारण ती नव्हे.

या उत्तरांत एक गोष्ट वारंवार निघू शकते, ती म्हणजे शेजारच्या टेबलाचा पगार. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या काही कर्मचाऱ्यांना संशोधकांनी सहकाऱ्यांचे पगार दाखवणाऱ्या संकेतस्थळाची माहिती दिली. 2012मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आपल्या विभागातल्या मधल्या पगाराहून कमी मिळवणाऱ्यांचं समाधान घटलं आणि नवी नोकरी शोधण्याचा त्यांचा विचार वाढला. जास्त मिळवणारे मात्र अधिक खूश झाले नाहीत. पगार बाजाराशी जुळवूनही नव्या माणसाला जुन्यापेक्षा जास्त दिलं तर जुना दुसरीकडे शोधू लागू शकतो, असं यावरून वाटतं.

कारण हाती लागलं असं वाटलं तरी उपाय सगळीकडे एकदम लागू करू नये, नाहीतर फोर्डसारखीच गुंतागुंत होईल. चीनच्या ट्रिप डॉट कॉम या प्रवास-बुकिंग कंपनीने 2021-22मध्ये 1,612 कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला: विषम तारखेला जन्मलेल्यांना आठवड्यातून दोन दिवस घरून काम, बाकीच्यांना रोज ऑफिस. घरून काम करणाऱ्या गटाची गळती 7.2 ऐवजी 4.8 टक्के झाली, म्हणजे एक तृतीयांशाने घटली, आणि कामगिरीत फरक पडला नाही. फायदा झाला तो मॅनेजर नसलेल्यांना, स्त्रियांना आणि लांबून येणाऱ्यांना. मॅनेजरांच्या गळतीवर काहीच परिणाम झाला नाही. म्हणून निकाल एकत्र सरासरी काढून मांडू नये. मॅनेजर, इतर कर्मचारी आणि प्रवासाचं अंतर अशा गटांत वेगळा मांडावा.