नवजात वराहपिल्लांची जीवाणूजन्य हगवण

डुकराच्या पिल्लांना जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात जीवाणूंमुळे होणारा आतड्याचा संसर्ग. मुख्य कारण ई. कोलाय, त्याखालोखाल क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचे ‘सी’ आणि ‘ए’ प्रकार.

ई. कोलायच्या रोगकारक जाती अंगावरच्या सूक्ष्म तंतूंनी लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतात व विष सोडतात. अस्तर फाटत नाही, पण त्यातून पाणी व क्षार आतड्यात झिरपू लागतात. पिवळसर, पाण्यासारखी हगवण लागते, शेपटी ओली राहते, डोळे खोल जातात आणि किलो-सव्वा किलोचे पिल्लू काही तासांत सुकते. कधी हगवण दिसायच्या आतच ते दगावते. पोट उघडले की आतडी पाण्याने तट्ट फुगलेली असतात.

‘सी’ प्रकाराचा क्लॉस्ट्रिडियम अधिक क्रूर. तो आतड्याचे अस्तरच मारतो, विष्ठेत रक्त येते आणि अख्खे वेत जाऊ शकते. त्याचे बीटा विष एरवी ट्रिप्सिन या पाचकरसाने नष्ट झाले असते. पण चिकातली प्रतिपिंडे पचून जाऊ नयेत म्हणून चिकात ट्रिप्सिनरोधक घटक असतो, आणि त्याचा आसरा या विषालाही मिळतो. म्हणूनच हा आजार मुख्यतः पहिल्या तीन-चार दिवसांत दिसतो.

तरीही चिकाला पर्याय नाही. डुकरिणीच्या वारेतून गर्भाला प्रतिपिंडे मिळत नाहीत. ती चिकातूनच येतात, आणि साधारण 24 ते 36 तासांनंतर आतडे ती शोषेनासे होते. पहिल्या वेताच्या मादीच्या चिकात प्रतिपिंडे कमी, त्यामुळे तिच्या पिल्लांना धोका जास्त.

पुण्यात थंडी हे धोका वाढवणारे दुसरे कारण. बाजूंनी उघड्या शेड एप्रिल-मेमध्ये सोयीच्या, पण डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान 10-12 अंशांवर किंवा त्याखाली येते. नवजात पिल्लाला 32 ते 34 अंशांची ऊब लागते, अंगावर चरबी जवळजवळ नसते. गारठलेले पिल्लू सडापर्यंत पोचत नाही, म्हणजे चीकही चुकतो. मादीला एवढी उष्णता सोसत नाही, म्हणून कोपऱ्यात बल्ब लावलेला वेगळा खोका ठेवतात. पिल्ले एकावर एक चढून बसली तर ऊब कमी; बल्बपासून लांब पांगली तर जास्त. थर्मामीटरपेक्षा ही खूण भरवशाची. हॉटेल-मेसच्या उष्ट्यावर पोसलेल्या माद्यांच्या खाण्यालाच हगवणीचा दोष देण्याची घाई होते. आधी पिल्लांना गारठवणारी ओली फरशी पाहावी.

रोटाव्हायरस हा विषाणू आणि कॉक्सिडिया हे आतड्यातले एकपेशीय परजीवी यांच्यामुळेही हगवण होते. कॉक्सिडियाची सहसा पाच दिवसांच्या आत दिसत नाही. लिटमस कागद थोडी मदत करतो: ई. कोलायची हगवण अल्कधर्मी, रोटाव्हायरसची आम्लधर्मी. खात्रीसाठी औषध न दिलेले आजारी किंवा नुकतेच मेलेले पिल्लू प्रयोगशाळेत न्यावे लागते. पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा पुण्यातच, औंधला आहे.

उपचारात क्षार-साखरेचे पाणी आणि ऊब आधी. प्रतिजैविक पशुवैद्यकाने, शक्यतो संवेदनशीलता चाचणी (जीवाणू कोणत्या औषधाला दाद देतो ते पाहणे) करून ठरवावे. हगवणीवर पूर्वी सर्रास वापरले जाणारे कोलिस्टिन हे प्रतिजैविक अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापरण्यास भारतात 2019 पासून बंदी आहे. ‘सी’ प्रकारात लक्षणे दिसल्यावर औषधाचा फारसा उपयोग होत नाही. त्यामुळे लस गाभण मादीला देतात, प्रथमच देताना विण्यापूर्वी साधारण पाच-सहा आणि दोन-तीन आठवडे, म्हणजे प्रतिपिंडे चिकात उतरतात.